घराच्या भिंतीवरचा करडा पत्रा

मे महिना संपत आला की आपल्या वस्त्यांतून पत्र्यांची ठोकाठोक ऐकू येऊ लागते. पावसाची झड ज्या अंगाने येते त्या बाजूची भिंत बाहेरून झाकून घेतल्याशिवाय घरातल्या बाईला स्वस्थता नसते. कारण एकदा का भिंतीने ओल धरली की गाद्या, कपडे, मुलांची वह्या-पुस्तके साऱ्यांना कुबट वास येतो आणि दिवाळीपर्यंत तो जात नाही. कोकणात पूर्वी नारळाच्या विणलेल्या झावळ्या भिंतीला बांधून झड अडवीत. देशावर मातीच्या भिंतींना शेणामातीचा जाड हात देत. शहरांतल्या चाळी आणि झोपडपट्ट्यांतून हे काम पत्र्याकडे आले. पुष्कळ घरांना तर पत्रा बाहेरून लावलेला नसतो, पत्रा हीच घराची भिंत असते. चार खांब, आडव्या पट्ट्या आणि त्यांना आकड्यांनी आवळलेले पत्रे, झाले घर.

पत्रा दोन प्रकारचा. एक लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेला. दुसरा करड्या रंगाचा, जाडसर, नागमोडी, ज्याला आपण सिमेंटचा पत्रा म्हणतो. कोणी त्याला कंपनीच्या नावानेच ओळखतात. हा दुसरा पत्रा गंजत नाही, लोखंडी पत्र्याइतका तापत नाही, पावसात तेवढा वाजत नाही आणि गरिबाच्या खिशाला परवडतो. हे चार गुण दुकानदार आवर्जून सांगतो. पाचवी गोष्ट तो सांगत नाही. या पत्र्यात सिमेंटबरोबर ॲस्बेस्टॉस नावाचे खनिज असते, आणि जगातील पन्नासहून अधिक देशांनी त्याच्या वापरावर बंदी घातलेली आहे.

हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये आणि आज संध्याकाळीच हातोडी घेऊन भिंत पाडायला निघू नये. तसे करणे हे पत्रा जागच्या जागी राहू देण्यापेक्षा कितीतरी वाईट आहे. का, ते पुढे येईलच.

दगडाचे सूत

ॲस्बेस्टॉस खाणीतून निघतो. तो दगडच, पण कापसासारखा पिंजता येणारा दगड. त्याचे सूत कातता येते, कापड विणता येते, आणि ते कापड आगीत घातले तरी जळत नाही. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थच मुळी 'न विझणारे' असा आहे. पांढरा, तपकिरी आणि निळा असे त्याचे मुख्य प्रकार व्यापारात आले. आपल्याकडच्या पत्र्यात पांढरा वापरतात.

ऑस्ट्रियातील लुडविग हाचेक या कारखानदाराने १९०१ साली एक पेटंट घेतले. सिमेंटच्या पातळ रबडीत हे तंतू मिसळायचे आणि कागद बनवण्याच्या यंत्रासारख्या यंत्रावर त्याचे पत्रे काढायचे, अशी ती पद्धत. नुसते सिमेंट इतके पातळ ओतले तर तडकेल. तंतू त्याला आतून धरून ठेवतात, जसे आपण मातीच्या गिलाव्यात भुसा मिसळतो तसे. हाचेकने आपल्या मालाला नाव दिले 'एटर्निट', म्हणजे कायमचे टिकणारे. ढोबळमानाने दहा किलो पत्र्यात एक किलोच्या आसपास तंतू असतात. बाकीचे सिमेंट, आणि हल्ली विजेच्या कारखान्यांतली राखही.

टिकाऊपणाची ही जाहिरात खोटी नव्हती. तो तंतू खरोखरच टिकतो. भिंतीत टिकतो आणि माणसाच्या फुफ्फुसातही टिकतो. पत्रा कापला, भोक पाडले, फोडला की त्यातून धूळ उडते. त्या धुळीतले तंतू केसापेक्षा कित्येक पट बारीक असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, नाकातल्या केसांत अडकत नाहीत आणि श्वासाबरोबर थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. शरीर त्यांना विरघळवू शकत नाही. वर्षानुवर्षे तिथे जखम होते, जखमेचा वण होतो, फुफ्फुस घट्ट होत जाते आणि माणसाला चार पायऱ्या चढताना धाप लागते. या आजाराला ॲस्बेस्टोसिस म्हणतात. त्याशिवाय फुफ्फुसाचा कर्करोग, स्वरयंत्राचा कर्करोग, स्त्रियांच्या बीजकोशाचा कर्करोग आणि फुफ्फुसावरील आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा अत्यंत घातक कर्करोग यांचे कारण ॲस्बेस्टॉस आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्पष्ट म्हटले आहे. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसला तिने यातून वगळलेले नाही. ज्याला विडी-सिगारेटची सवय आहे त्याच्या बाबतीत फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो.

या आजारांची सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे त्यांना लागणारा वेळ. आज धूळ नाकात गेली तर आजार वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी उमटतो. तोवर कारखाना बंद पडलेला असतो, मुकादम निवृत्त झालेला असतो, आणि कोणत्या धुळीने आपला घात केला हे त्या माणसालाही आठवत नाही.

धुणे धुणाऱ्या बायका

हे सारे अलीकडेच कळले असे मात्र नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथे नेली केर्शॉ नावाची कामगार स्त्री लहानपणापासून ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात कामाला होती. १९२४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ती मरण पावली. डॉ. कुक यांनी तिची फुफ्फुसे तपासली आणि त्यात त्यांना त्या दगडाचे कण सापडले. कारखान्याने नुकसानभरपाई नाकारली. तिच्या थडग्यावर नावाचा दगडही लागला नाही. पण तिच्या प्रकरणावरून वैद्यकशास्त्रात नोंद झाली, १९२७ साली आजाराला नाव मिळाले आणि १९३१ साली इंग्लंडमध्ये धुळीबाबतचे नियम झाले. म्हणजे आपल्या देशात सिमेंटच्या पत्र्याचे कारखाने उभे राहू लागण्यापूर्वीच तिकडच्या सरकारला हे ठाऊक होते.

माताभगिनींनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट पुढची आहे. लंडनमध्ये १९६५ साली न्यूहाऊस व थॉम्पसन या दोन संशोधकांनी मेसोथेलिओमाच्या ७६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतले पुष्कळ जण स्वतः ॲस्बेस्टॉसचे काम केलेले होते. परंतु ९ जण असे होते की त्यांनी कारखान्याचे तोंडही पाहिले नव्हते, त्यांच्या घरातले कोणीतरी तिथे कामाला होते. त्यांत प्रामुख्याने बायका होत्या, नवऱ्याचे कामाचे कपडे धुणाऱ्या. कपडे झटकायचे, मग भिजवायचे, एवढेच त्यांचे काम. आणखी ११ जण तर नुसते कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहणारे होते.

आपल्या घरी काय होते? नवरा किंवा मुलगा दिवसभर पाडकामावर, पत्रे काढण्या-लावण्याच्या कामावर जाऊन येतो. पांढरट धुळीने माखलेला शर्ट दाराशी झटकला जातो. मग लहान मूल त्याच शर्टाला बिलगते. हे दृश्य इतके रोजचे आहे की त्यात काही वावगे आहे असे कुणाला वाटत नाही.

नकाशावरून पुसलेले गाव

घराच्या बाहेरच्या भिंतीला सिमेंटचे सपाट पत्रे मोठ्या प्रमाणावर लावणारा देश म्हणजे ऑस्ट्रेलिया. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे घरांची टंचाई होती. लाकूड-विटा महाग होत्या. तेव्हा कामगारवर्गाने या पत्र्यांची घरे बांधली. तिथे त्यांना 'फायब्रो' म्हणतात. स्वस्त, हलके, आठवड्याच्या सुट्टीत नवरा-बायकोने मिळून उभे करता येणारे घर. ३१ डिसेंबर २००३ पासून तिथे ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी आली, पण जुनी घरे उभीच आहेत. तिथल्या सरकारी अंदाजाप्रमाणे साधारण तीन घरांपैकी एका घरात आजही कुठे ना कुठे ॲस्बेस्टॉस आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की आधी खाण कामगारांत, मग बांधकाम कामगारांत दिसणारा मेसोथेलिओमा आता घराची दुरुस्ती स्वतः करणाऱ्या साध्या माणसांत वाढतो आहे, आणि त्यांत स्त्रियाही आहेत. भिंत उभी असताना जे झाले नाही ते भिंत घासताना, कापताना झाले.

त्याच राज्यात विटेनूम नावाचे गाव होते. निळा ॲस्बेस्टॉस काढण्यासाठी ते वसवले गेले. खाणीतून निघालेली निरुपयोगी भुकटी रस्त्यांवर, खेळाच्या मैदानावर, घरांच्या अंगणांत पसरली गेली, कारण धूळमातीपेक्षा ती बरी दिसे. १९६६ साली खाण बंद झाली. तिथे काम केलेल्या आणि राहिलेल्या लोकांपैकी दोन हजारांहून अधिक माणसे ॲस्बेस्टॉसच्या आजारांनी गेली. २००७ साली सरकारने गावाचा दर्जा काढून घेतला, नकाशांवरून नाव पुसले, आणि २०२३ साली उरलीसुरली घरे पाडली. परंतु सुमारे तीस लाख टन भुकटी दरीत अजून तशीच पडून आहे, पावसाच्या पाण्याबरोबर खाली सरकते आहे. ही भूमी मुळात बंजिमा या आदिवासी समाजाची. खाणीचा नफा त्यांना मिळाला नाही, भुकटी मात्र त्यांच्या वाट्याला आली.

इतक्या दूर कशाला जायचे? झारखंडमध्ये पश्चिम सिंहभूम जिल्ह्यात चाईबासाजवळ रोरो डोंगर आहे. तिथली ॲस्बेस्टॉसची खाण १९८३ साली बंद झाली. खाणवाले निघून गेले आणि लाखो टन कचरा डोंगरउतारावर ठेवून गेले. पायथ्याशी हो आदिवासींची गावे. पावसाळ्यात तो कचरा ओढ्यातून त्यांच्या शेतात उतरतो, उन्हाळ्यात वाऱ्यावर उडतो.

सिमेंटच्या पत्र्याचा पर्यावरणावर काय परिणाम होतो, या प्रश्नाचे उत्तर पत्र्याकडे बघून मिळत नाही. तो तुमच्या भिंतीला लागण्यापूर्वी कुठल्यातरी डोंगराचे काय झाले आणि भिंतीवरून उतरल्यावर कुठल्या नाल्याचे काय होणार, या दोन टोकांना ते उत्तर सापडते. मधली वीस-पंचवीस वर्षे तो बिचारा गप्प उभा असतो.

कायद्याची गंमत

आपल्या सरकारने १९८६ पासून ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने देणे थांबवले आणि पुढे जुन्यांचे नूतनीकरण करणेही थांबवले. धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे ॲस्बेस्टॉसचा कचरा परदेशातून आणता येत नाही. २००६ साली 'क्लेमेन्सो' ही फ्रान्सची जुनी युद्धनौका मोडीत काढण्यासाठी गुजरातेत अलंगला निघाली होती. तिच्यात ॲस्बेस्टॉस भरलेला आहे म्हणून एवढा गदारोळ झाला की फ्रान्सच्या अध्यक्षांना ती परत बोलवावी लागली. छान झाले. परंतु त्याच वेळी पोत्यांत बांधलेला ॲस्बेस्टॉसचा कच्चा माल दरवर्षी लाखो टनांनी आपल्या बंदरांत उतरत होता, आणि आजही रशिया, कझाकस्तान, ब्राझील येथून तो येतो. कचरा म्हणून आला तर विष, कच्चा माल म्हणून आला तर उद्योग!

कॅनडाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. आपल्या इमारतींतून ॲस्बेस्टॉस काढून टाकण्यावर तो देश पैसा खर्च करीत होता आणि त्याच वेळी क्वेबेक प्रांतातला ॲस्बेस्टॉस आपल्याला विकत होता. २०११-१२ च्या सुमारास तिथल्या खाणी बंद झाल्या, २०१८ साली बंदी आली. तिथे ॲस्बेस्टॉस याच नावाचे एक गाव होते. नावाची लाज वाटू लागली म्हणून गावकऱ्यांनी २०२० साली मतदान करून ते बदलले. पण तिथून आलेला माल आपल्या वस्त्यांच्या भिंतींत अजून आहे. त्याचे नाव कोण बदलणार?

उद्योगाची बाजूही सांगितली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की पांढरा ॲस्बेस्टॉस निळ्याइतका वाईट नाही आणि पत्र्यात तो सिमेंटने पक्का बांधलेला असतो. यातला दुसरा मुद्दा अर्धा खरा आहे. न फुटलेल्या, न झिजलेल्या पत्र्यातून तंतू फारसे सुटत नाहीत. पण पत्रा कापल्याशिवाय बसत नाही, भोकाशिवाय अडकत नाही आणि कधीतरी फुटल्याशिवाय राहत नाही. या तिन्ही वेळी हातात कटर असलेला माणूस कारखान्याच्या आतला नसून नाक्यावरचा रोजंदारीवाला असतो. त्याच्या नाकावर काय असते? फार तर रुमाल.

घरात काय करावे, काय करू नये

आपल्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे कसे ओळखायचे? नुसते बघून खात्री होत नाही. पत्र्यावर छापील शिक्का शिल्लक असेल तर तो वाचावा. आय.एस. ४५९ हा आकडा असेल तर तो ॲस्बेस्टॉस सिमेंटचाच पत्रा, कारण ते मानक त्याच्यासाठीच आहे. शिक्का पुसला गेला असेल आणि पत्रा जुना असेल तर त्यात तो आहे असेच धरून चालावे.

पत्रा धड असेल तर त्याला हात लावू नये. बाहेरून-आतून साधा रंग दिला तरी पृष्ठभाग बांधला जातो. मात्र रंगापूर्वी घासकाम करू नये. पावसाळ्याआधी शेवाळ काढायला तारेचा ब्रश घेऊन पत्रा खरवडण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती पहिल्याने बंद केली पाहिजे. जुन्या पत्र्याच्या वरच्या थरातले सिमेंट पावसाने झिजलेले असते आणि तंतू मोकळे व्हायला टेकलेले असतात. शेवाळ राहिले तर घराचे काही बिघडत नाही. पत्र्यावरून ओघळणाऱ्या पाण्याची भीती अनेकींना वाटते. पोटात गेलेल्या तंतूंविरुद्धचा पुरावा श्वासातून गेलेल्यांइतका भक्कम नाही. तरी ते पाणी पिण्यासाठी धरू नये, आणि पन्हळीत साठलेला गाळ वाळू न देता ओला असतानाच काढावा.

देवाची तसबीर, टीव्हीची तार, नळाचा पाइप यांसाठी पत्र्याला भोक पाडू नये. खिळा किंवा हूक मारायचा तो लाकडी वाशात वा लोखंडी पट्टीत मारावा. पत्रा काढावाच लागला तर आधी त्यावर पाणी मारून चिंब भिजवावा, बोल्ट सोडवून अख्खा उतरवावा, वरून टाकू नये. पंख्याच्या वेगाने फिरणारा कटर तर अजिबात नको. कापणे टळतच नसेल तर ओला करून हाताच्या करवतीने, घरापासून दूर, मुले बाजूला ठेवून. काम करणाऱ्यासाठी चांगल्या प्रतीचा, नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क आणावा. रुमाल किंवा पदर हे तंतू अडवीत नाही. खाली पडलेला चुरा केरसुणीने झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावा आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे. कामाचे कपडे झटकू नयेत, बादलीत सरळ पाण्यात बुडवावेत, घरच्या कपड्यांत मिसळू नयेत.

मुलांच्या खेळाबद्दल दोन शब्द. फुटक्या सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे लगोरीला फार छान बसतात, लंगडीच्या खेळात ठिकरी म्हणून सरकतात, जमिनीवर रेघाही ओढतात. शेकोटीत टाकला की तो फटाक्यासारखा फुटतो, म्हणून पोरे मुद्दाम टाकतात. त्या फटाक्याचे तुकडे डोळ्यात जाण्याची भीती तर आहेच, शिवाय तंतू मोकळे होतात ते वेगळेच. आईबापांनी मुलांना मारझोड न करता कारण समजावून सांगावे. मुले ऐकतात.

मग लावायचे काय?

अगदी निर्दोष अशी कोणतीच वस्तू नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. लोखंडी पत्र्याचे पोलाद बनवताना दर टनामागे दोन टनांच्या आसपास किंवा त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो उन्हात तापतो, म्हणून आतल्या बाजूने बोटभर पोकळी सोडून बांबूची तट्टी लावावी लागते. पण त्याचा एक मोठा गुण असा की जुना झाला तरी भंगारवाला पैसे देऊन नेतो आणि त्याचे पुन्हा लोखंड होते. सिमेंटचा पत्रा कुठलाही भंगारवाला घेत नाही. आमच्या मते हा एकच फरक निवड करायला पुरेसा आहे.

ॲस्बेस्टॉसविरहित सिमेंटचे पत्रे आणि बोर्डही मिळतात. त्यांत कागदाचा लगदा किंवा कृत्रिम धागे घातलेले असतात. थोडे महाग पडतात, पण विचारले तर दुकानदार आणून देतो. ते कापतानाही धूळ नाकात जाऊ देऊ नये, कारण सिमेंट-वाळूच्या धुळीने सिलिकोसिस होतो. हल्ली बाहेरच्या भिंतीला प्लॅस्टिकच्या म्हणजे पीव्हीसीच्या पट्ट्या लावण्याची टूम निघाली आहे. दिसतात सुरेख. पण वस्तीत आग लागली तर त्यांचा धूर आम्लाचा असतो आणि मोडल्यावर त्या कचऱ्याच्या ढिगावर जाळल्या जातात. दाट वस्तीत त्या नकोत.

बांबूच्या चटया राळेने चिकटवून, दाबून केलेले नागमोडी पत्रे बंगलोरच्या प्लायवूड संशोधन संस्थेने विकसित केले आहेत. ज्या जिल्ह्यांत बांबू आहे तिथल्या बचत गटांनी याची चौकशी करायला हरकत नाही. विटांची भिंत बांधणे शक्य असेल तर लाल विटेऐवजी राखेची वीट पाहावी. लाल वीट म्हणजे शेताचा वरचा कसदार थर आणि भट्टीतला कोळसा. शिवाय त्या भट्टीवर मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली आपलीच माणसे लेकराबाळांसह राबतात. राखेची वीट कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ, एकलहरे या वीजकेंद्रांच्या आसपास सहज मिळते, आणि तळ्यांत साचून पाणी नासवणारी राख निदान भिंतीत तरी जाते.

मातीच्या भिंतीचे नाव काढले की लोकांना किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट कोण विसरेल? पण तिथे माणसे दबली ती दगडमातीच्या अतिजाड, एकमेकांना न बांधलेल्या भिंतींखाली आणि धाब्याच्या जड छपराखाली. कुडाच्या, म्हणजे कारवी वा बांबू विणून वर माती लिंपलेल्या हलक्या भिंतीला तो दोष लावता येत नाही.

एक साधी युक्ती मात्र कोणत्याही भिंतीला चालते. झड भिंतीवर येते कारण छपराची वळचण आखूड असते. जागा असेल तिथे वळचण दोन फूट पुढे काढली आणि भिंतीच्या तळाला हातभर उंचीचा पक्का गिलावा दिला, तर भिंतीला बाहेरून काही ठोकण्याची गरज पुष्कळदा उरत नाही. शहरातल्या बोळात दोन घरांमध्ये दोन फूट अंतरच नसते, हे आम्ही जाणून आहोत.

उतरवलेल्या पत्र्याचे काय?

खरी अडचण इथे आहे. वस्तीचे पुनर्वसन होते, चाळ पाडली जाते, शेकडो पत्रे एका दिवसात फोडून ट्रकमध्ये भरले जातात आणि ट्रक कुठेतरी खाडीकाठी, नाल्यात, भरावात रिकामा होतो. फोडणारे, भरणारे आणि त्या ढिगावर नंतर लोखंड वेचणारे कोण असतात हे वेगळे सांगायला नको. इटलीत कासाले मोनफेर्रातो या गावात ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या कारखान्याने आपली वाया गेलेली भुकटी अंगणे भरायला लोकांना दिली होती. कारखाना १९८६ साली बंद झाला, पण ज्यांनी तिथे कधीच काम केले नाही असे गावकरी पुढे कित्येक वर्षे मेसोथेलिओमाने जात राहिले. म्हणून फुटक्या पत्र्याचा भराव अंगणात, बोळात, शाळेच्या मैदानात घालू देऊ नये.

पुनर्वसनाचा करार करताना वस्तीच्या समितीने विकासकाकडून हे लेखी घ्यावे की पत्रे ओले करून अख्खे उतरवले जातील, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर 'ॲस्बेस्टॉस' असे लिहून, धोकादायक कचरा घेणाऱ्या परवानाधारक केंद्राकडे पाठवले जातील आणि त्याची पावती समितीला दाखवली जाईल. त्याच मजकुराचा अर्ज महापालिकेच्या विभाग कार्यालयात व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात देऊन पोच घ्यावी. एका घराने दिलेला अर्ज फायलीत जातो, पन्नास सह्यांचा अर्ज साहेबांच्या टेबलावर जातो.

शेवटी, ज्यांनी या धुळीत आयुष्य घालवले त्यांच्याविषयी. मुंबईत मुलुंड, घाटकोपर भागांत ॲस्बेस्टॉसचे कारखाने होते आणि आपल्यापैकी अनेकांचे वडील, चुलते अशा कारखान्यांतून काम करून निवृत्त झाले. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने त्यात म्हटले. प्रत्येक कामगाराची आरोग्यविषयक नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांतले जे उशिराचे असेल तोवर जपून ठेवण्याचा आदेश कारखान्यांना दिला, आणि ॲस्बेस्टोसिस सिद्ध झालेल्या कामगारांना एक लाख रुपये भरपाई ठरवली. वापरावर सरसकट बंदी घालावी ही मागणी करणारी दुसरी याचिका मात्र २०११ साली फेटाळली गेली. ॲस्बेस्टोसिस आजही नुकसानभरपाईस पात्र अशा व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे.

घरात असा कोणी वडीलधारा असेल आणि त्याला दम लागत असेल, कोरडा खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांना तो कुठे आणि किती वर्षे कामाला होता हे आपण होऊन सांगावे. आपल्या वस्त्यांत क्षयरोग इतका आहे की छातीच्या फोटोवर डाग दिसला की पहिला विचार क्षयाचाच होतो. थुंकीची तपासणी जरूर करून घ्यावी, क्षयाच्या गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नयेत. पण गोळ्यांचा कोर्स पुरा होऊनही दम तसाच राहिला तर ॲस्बेस्टॉसचे काम केल्याची नोंद केसपेपरवर लिहून घ्यावी आणि मोठ्या रुग्णालयात छातीच्या विभागाकडे चिठ्ठी मागावी. जुने हजेरीकार्ड, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी, राज्य कामगार विम्याचे कार्ड, कारखान्याचा बिल्ला, जे काही पेटीच्या तळाशी असेल ते फेकू नये. दावा करायची वेळ आली तर पुरावा तोच असतो.